आम्हीही प्रार्थना केली होती, मग हरलो का?
खेळांवरील ख्रिस्ती चित्रपट आणि आपली श्रद्धा



काही दिवसांपूर्वी आपल्या युवक मंडळाने सभागृहात 'फेसिंग द जायंट्स' हा इंग्रजी चित्रपट दाखविला. सभागृह भरले होते. शेवटच्या प्रसंगाला टाळ्या पडल्या, काहींच्या डोळ्यांत पाणी आले. कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही खुर्च्या आवरीत होतो. मदतीला थांबलेल्या मुलांपैकी एक जण सहज म्हणाला, "आम्हीही फायनलच्या आधी गोल करून उभे राहिलो होतो, प्रार्थना केली होती. मग आम्ही का हरलो? आमची श्रद्धा कमी पडली का?"

आम्ही त्याला घाईघाईत म्हटले, "अरे, देवाची इच्छा!" तो "हं" म्हणाला आणि खुर्च्या उचलू लागला. घरी जाताना आमचे आम्हालाच ते उत्तर अपुरे वाटले. मुलाने प्रामाणिक प्रश्न विचारला होता आणि आम्ही तो झटकून टाकला होता. म्हणून आमच्या धर्मशिक्षण समितीने ठरविले की खेळांवरचे काही नावाजलेले चित्रपट एकत्र बसून पुन्हा पाहायचे, त्यांच्यामागच्या खऱ्या घटना वाचायच्या आणि एकच प्रश्न विचारायचा: ख्रिस्ती माणूस श्रद्धेने जगतो म्हणजे काय, हे हे चित्रपट प्रामाणिकपणे दाखवितात का? त्या अभ्यासातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

खेळ आणि शुभवर्तमान

खेळ ही श्रद्धेला परकी गोष्ट नाही. संत पौलाला शर्यतीचे मैदान चांगले ठाऊक होते. करिंथ शहराजवळ त्या काळी मोठे क्रीडासामने भरत असत. त्या शहरातील भाविकांना लिहिताना पौल धावणाऱ्याचे आणि मुष्टियोद्ध्याचे उदाहरण देतो (१ करिंथ ९:२४-२७). मात्र तो लगेच फरकही सांगतो. खेळाडू ज्या मुकुटासाठी झटतो तो पानांचा, चार दिवसांत सुकणारा. आपण ज्यासाठी झटतो तो न सुकणारा. पौलाला मैदानावरून घ्यायची आहे ती शिस्त, संयम आणि ध्येयाकडे लागलेली नजर. देवाला मानणाराच शर्यत जिंकतो, असे त्याने कुठेही म्हटलेले नाही.

ख्रिस्तसभेनेही खेळाकडे आणि सिनेमाकडे पाठ फिरविलेली नाही. पोप पायस अकरावे यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी खास विश्वपत्र लिहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली प्रसारमाध्यमांविषयी आदेशपत्र काढले. पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी स्वतः फुटबॉल खेळत आणि डोंगर चढत. २००० साली, महाज्युबिली वर्षात, त्यांनी रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये खेळाडूंसोबत मिस्सा अर्पण केला. २०१८ साली व्हॅटिकनने खेळाविषयी एक स्वतंत्र दस्तऐवजही प्रसिद्ध केला. तेव्हा मुलांनी खेळावे का, सिनेमा पाहावा का, हा आजचा प्रश्न नाही. पडद्यावर देव कसा दिसतो, हा प्रश्न आहे.

विजयाची बेरीज: 'फेसिंग द जायंट्स'

हा चित्रपट २००६ सालचा. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावच्या एका बॅप्टिस्ट चर्चने तो बनविला. दिग्दर्शक ॲलेक्स केंड्रिक हे त्या चर्चमधील पाळक. मुख्य भूमिकाही त्यांनीच केली. बहुतेक कलाकार आणि मदतनीस चर्चचे स्वयंसेवक होते. सुमारे एक लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने चित्रपटगृहांत एक कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. एखाद्या धर्मग्रामाने एकत्र येऊन एवढे मोठे काम करावे, ही गोष्ट कौतुकाचीच आहे आणि आम्ही ते मनापासून करतो.

कथा थोडक्यात अशी. ग्रँट टेलर हा एका ख्रिस्ती शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक. (हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, अमेरिकेतील, चेंडू हातात घेऊन धावण्याचा.) सहा वर्षांत संघाला नाव घेण्यासारखे यश नाही. गाडी सारखी बंद पडते, घरात पैशाची ओढाताण, पालक त्याला काढून टाकण्याच्या गोष्टी करतात. पत्नीला मूल होत नाही आणि दोष आपल्यात आहे हे त्याला कळते. अशा वेळी तो बायबल उघडतो, प्रार्थना करतो आणि संघाला सांगतो की आपण आता देवाच्या गौरवासाठी खेळू. जिंकलो तरी त्याची स्तुती, हरलो तरी त्याची स्तुती.

इथपर्यंत चित्रपट मनाला भिडतो. पत्नीचा एक प्रसंग तर फारच हृद्य आहे. आणखी एकदा तपासणीचा निकाल 'नाही' असा येतो. ती दवाखान्याबाहेर रडते आणि तशाच अवस्थेत देवाला सांगते की तरीही माझे तुझ्यावर प्रेम राहील. सगळा चित्रपट एका बाजूला आणि ते वाक्य एका बाजूला ठेवले तर वाक्याचे पारडे जड होईल. बाळंतपणाचे स्वप्न पुन्हा पुन्हा मोडताना पाहिलेल्या कितीतरी भगिनींनी ते वाक्य, वेगळ्या शब्दांत, आपल्या देवळातल्या बाकावर उच्चारलेले आहे.

पण पुढच्याच क्षणाला काय होते? नर्स धावत येते. निकाल चुकून दुसऱ्याचा सांगितला गेला, तुमचा 'होय' आहे! ते वाक्य आपल्या कानांत मुरण्याआधीच बक्षीस हजर होते. आणि मग बक्षिसांची रांगच लागते. कोणीतरी नवी कोरी गाडी भेट देतो. संघ जिंकत जातो. अंतिम सामन्यात, ज्या मुलाला स्वतःवर भरवसा नाही तो ५१ यार्डांवरून चेंडू लाथेने दोन खांबांमधून पार करतो आणि 'जायंट्स' नावाचा बलाढ्य संघ पडतो. शेवटी दोन वर्षांनंतरचे दृश्य: घरात एक मूल, दुसरे वाटेवर आणि कपाटात अजिंक्यपदाचे आणखी एक चषकचिन्ह.

आमची अडचण इथे आहे. चित्रपटातील माणसांचे ओठ म्हणतात, "हरलो तरी देवाची स्तुती." चित्रपटाची कथा मात्र त्यांना ते कधी करायलाच लावीत नाही. देवाकडे वळण्याआधी सगळे तोट्यात आणि वळल्यानंतर सगळे नफ्यात, असा जमाखर्च प्रेक्षकाच्या मनावर ठसतो. बनविणाऱ्यांचा हेतू चांगला होता याविषयी आम्हाला शंका नाही. देव प्रार्थना ऐकतो आणि कधी कधी आपण मागितले तसेच देतो, हेही खरेच. पण ज्यांना मागितलेले मिळाले नाही त्यांच्यासाठी या चित्रपटात बसायला जागा नाही. सभागृहातील त्या मुलाने नेमके तेच ओळखले होते.

बायबल काय दाखविते?

बायबल या बाबतीत कितीतरी अधिक धीट आहे. दानीएलच्या पुस्तकातील तीन तरुण आगीच्या भट्टीसमोर उभे राहून राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवू शकतो. आणि त्याने सोडविले नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही (दानीएल ३:१७-१८). त्यांची श्रद्धा या 'तरीही' शब्दात आहे. ईयोबाचे मित्र त्याला पटवू पाहतात की तुझ्यावर संकट आले म्हणजे तुझे काहीतरी चुकले असणार. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांनाच दोष देतो. संत पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीन वेळा विनवणी केली. काटा निघाला नाही, कृपा मिळाली (२ करिंथ १२:७-९).

फिलिप्पैकरांस पत्रातील एक वचन (४:१३) खेळाडूंच्या फार आवडीचे आहे. ख्रिस्ताच्या बळावर मी सर्व काही करू शकतो, असा त्याचा आशय. कोणी ते बुटांवर लिहितो, कोणी टी-शर्टवर. पण त्याच्या आधीचे वचन वाचले तर कळते की पौल ते तुरुंगातून लिहीत आहे आणि उपाशी राहणे, टंचाईत राहणे, भरपूर असताना राहणे, हे सर्व आपण शिकलो आहोत, असे सांगत आहे. म्हणजे ते वचन सामना जिंकण्याविषयीचे नाही. हरल्यावर संध्याकाळी घरी कसे जायचे, याला ते अधिक लागू पडते.

आणि सर्वांत मोठे उदाहरण गेथसेमनीच्या बागेतले. प्रभू येशूने स्वतः पित्याकडे मागितले की हा प्याला टळू दे (मत्तय २६:३९). प्याला टळला नाही. त्याची श्रद्धा कमी पडली असे कोण म्हणेल? पुनरुत्थान आले, पण क्रूस वगळून आले नाही. जो चित्रपट शुक्रवार दाखवायला घाबरतो आणि थेट रविवारच्या सकाळी पोहोचतो, तो अर्धेच शुभवर्तमान सांगतो.

पडद्यावरचे आणि प्रत्यक्षातले: 'चॅरियट्स ऑफ फायर'

दुसरा चित्रपट १९८१ सालचा, दिग्दर्शक ह्यू हडसन. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर त्याला मिळाले. सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने १९९५ साली ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी केली, तिच्यातही त्याचा समावेश आहे. तो कोणत्या चर्चने बनविलेला नाही. तरीही श्रद्धावंत खेळाडूचे त्यातील चित्र आजवर अनेकांना सर्वांत खरे वाटत आले आहे.

स्कॉटलंडचे धावपटू एरिक लिडेल यांची ही कथा. त्यांचे आईवडील चीनमध्ये मिशनरी होते. एरिक यांचा जन्मही १९०२ साली चीनमध्येच झाला. १९२४ सालच्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी होती. प्रभूचा दिवस पाळायचा म्हणून लिडेल यांनी आपली सर्वांत आवडती शर्यत सोडली. रिले शर्यतींतही ते उतरले नाहीत. त्याऐवजी ते ४०० मीटर धावले आणि ४७.६ सेकंदांचा विक्रम करून सुवर्णपदक जिंकले.

चित्रपट सुंदर आहे. पण अभ्यास करताना आम्हाला त्यात काही फेरफार दिसले. चित्रपटात लिडेल यांना बोटीवर चढताना कळते की शर्यत रविवारी आहे. प्रत्यक्षात ते त्यांना कित्येक महिने आधी माहीत होते आणि त्या काळात ते शांतपणे ४०० मीटरचा सराव करीत होते. चित्रपटात एक उमराव मित्र आपली जागा त्यांना देऊ करतो. ते काल्पनिक आहे. बहिणीला त्यांचे धावणे खटकते, असे पडद्यावर दिसते. खऱ्या बहिणीचा तसा विरोध नव्हता. देवाने मला वेगवान बनविले आणि धावताना मला त्याची प्रसन्नता जाणवते, अशा अर्थाचे जे वाक्य कित्येक प्रवचनांत लिडेल यांच्या नावावर सांगितले जाते, ते पटकथालेखक कॉलिन वेलंड यांचे आहे. आम्हीही ते शिबिरात लिडेल यांचे म्हणून सांगितले होते. ती आमची चूक येथे दुरुस्त करतो.

मग हा चित्रपट अप्रामाणिक म्हणायचा का? आमच्यात यावर बराच वाद झाला. काहींचे म्हणणे, खोटे ते खोटेच. शेवटी आमचे मत असे झाले: प्रसंग बदलले, माणूस बदलला नाही. लिडेल यांचा नकार पडद्यावर आहे तसाच खरा होता. तो नकार पदकाच्या सौद्यासाठी नव्हता, हेही चित्रपट नीट दाखवितो. रविवारी इतर धावत असताना ते पॅरिसमधील देवळात वचन वाचताना दिसतात. त्या क्षणी ४०० मीटर जिंकू, हे त्यांना ठाऊक नव्हते.

तरी एक मोठी गोष्ट पडद्यावर आलीच नाही. चित्रपट विजयाशी थांबतो आणि पुढचे आयुष्य शेवटच्या एका ओळीत उरकतो. आमच्या मते लिडेल यांच्या श्रद्धेची खरी शर्यत तिथून पुढे सुरू झाली.

जे चित्रपटात नाही

१९२५ साली, कीर्ती शिखरावर असताना, लिडेल चीनला परत गेले आणि शिक्षक व मिशनरी म्हणून राहिले. युद्धाचे ढग दाटले तेव्हा १९४१ साली त्यांनी गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठविले. तिसरी मुलगी तिकडे जन्मली. तिला त्यांनी कधी पाहिले नाही. १९४३ साली जपानी सैन्याने त्यांना वेइशियन येथील छावणीत डांबले. या छावणीत कॅथोलिक धर्मगुरू आणि धर्मभगिनीही मोठ्या संख्येने होत्या. पॅट्रिक स्कॅनलन हे ट्रॅपिस्ट फादर भिंतीवरून चोरून अंडी आणवीत आणि मुलांना, आजाऱ्यांना पुरवीत. मौनव्रताच्या संघातला हा माणूस अंड्यांच्या व्यापारात पकडला गेला, याची छावणीत बरीच चर्चा झाली.

लिडेल छावणीतील मुलांचे 'अंकल एरिक' होते. ते त्यांना शिकवीत, खेळवीत. रविवारी मात्र ते खेळ घेत नसत. एकदा काही मुलांनी रविवारी आपसांत हॉकीचा सामना लावला; पंच नव्हता, शेवट मारामारीत झाला. त्यानंतर लिडेल स्वतः रविवारी पंच म्हणून उभे राहू लागले. ज्या माणसाने रविवारसाठी ऑलिम्पिकची शर्यत सोडली, त्याने तुरुंगातील पोरांसाठी रविवारी शिटी हातात घेतली! शब्बाथ माणसासाठी आहे (मार्क २:२७), हे प्रभूचे शिकवण त्यांनी किती खोलवर पचविले होते! हा प्रसंग आम्हाला सुवर्णपदकापेक्षा मोठा वाटतो. तत्त्व सोडून दिले असे ते नव्हते. तत्त्व कोणासाठी आहे हे त्यांना कळले होते.

स्टीफन मेटकाफ नावाच्या एका मुलाला त्यांनी आपले जीर्ण झालेले धावण्याचे बूट दिले, आणि शत्रूसाठी प्रार्थना करायला शिकविले. तो मुलगा मोठेपणी मिशनरी म्हणून गेला, तो जपानलाच.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी, छावणी मुक्त होण्याच्या काही महिने आधी, मेंदूतील गाठीमुळे लिडेल यांचे निधन झाले. वय ४३. शेवटच्या काळात ते खचले होते, आणि आपण सारा भार प्रभूवर टाकू शकलो नाही याचे त्यांना वाईट वाटत होते, असे त्यांच्या सोबत्यांनी नंतर सांगितले. आजार मेंदूत आहे हे तेव्हा कोणाला कळले नव्हते. बंधुभगिनींनो, नैराश्याशी झगडणारी माणसे आपल्याही घरांत आहेत आणि "प्रार्थना कर, बरे वाटेल" एवढेच आपण त्यांना सांगतो. एवढा मोठा भक्तही खचला. खचणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. हे दाखविणारा चित्रपट कोणी काढला तर तो आम्ही सभागृहात दोनदा दाखवू.

एक कॅथोलिक शाळा: 'व्हेन द गेम स्टँड्स टॉल'

२०१४ सालचा हा चित्रपट कॅलिफोर्नियातील कॉन्कर्ड येथील डी ला साल या कॅथोलिक शाळेवर आहे. प्रशिक्षक बॉब लाडुसूर हे त्याच शाळेत धर्मशिक्षणही शिकवीत. त्यांच्या संघाने १९९२ ते २००४ या काळात सलग १५१ सामने जिंकले. सामन्याआधी खेळाडू एकत्र बसत. प्रत्येक जण आपली उद्दिष्टे कार्डावर लिहून ते एका सोबत्याच्या हाती देई. मी एवढे करीन असे वचनच ते. जिंकू असे कोणी लिहायचे नव्हते. आपल्या संघांनी उचलण्यासारखी ही प्रथा आहे.

२००४ साली त्या संघातून नुकताच बाहेर पडलेला टेरेन्स केली हा अठरा वर्षांचा खेळाडू गोळीबारात मारला गेला. विद्यापीठात जायला काही दिवस उरले होते. पुढच्याच महिन्यात विजयांची मालिकाही तुटली. चित्रपट या दोन्ही गोष्टींना सामोरा जातो, विजय म्हणजे सर्वस्व नव्हे असे बजावतो. हे त्याचे मोठेपण.

पण इथेही एक गंमत आहे. पराभवांनंतर संघ पुन्हा उभा राहतो हे दाखविण्यासाठी चित्रपटात लाँग बीच पॉली या बलाढ्य शाळेवरचा थरारक विजय येतो. तो सामना खरा आहे. मात्र तो २००१ सालचा, म्हणजे मालिका चालू असतानाचा. तो उचलून तीन वर्षे पुढे आणून ठेवला आहे. विजय हे सर्वस्व नाही, हे सांगायलासुद्धा चित्रपटाला शेवटी एक विजय उसना आणावा लागला! प्रेक्षक पराभव घेऊन घरी जाणार नाहीत ही निर्मात्यांची भीती. ही भीती सिनेमावाल्यांचीच आहे का? आपल्या भक्तिसभांत साक्ष द्यायला आपण कोणाला बोलावितो? ज्याला नोकरी लागली, व्हिसा मिळाला, आजार बरा झाला त्याला. ज्याचा आजार बरा झाला नाही आणि तरीही जो रोज जपमाळ धरतो, त्याच्या हाती आपण माइक कधी दिला?

श्रद्धा पुसून टाकणारा पडदा

अप्रामाणिकपणा उलट बाजूनेही होतो. लुई झाम्पेरिनी हे इटालियन कुटुंबातील अमेरिकन धावपटू १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये धावले. युद्धात त्यांचे विमान समुद्रात पडले. ४७ दिवस ते तराफ्यावर तरंगत राहिले आणि नंतर जपानी छावणीत त्यांचे अतोनात हाल झाले. २०१४ सालच्या 'अनब्रोकन' या चित्रपटाने हे सर्व दाखविले. पण घरी परतल्यावर ते दारूत बुडाले, संसार मोडायला आला, १९४९ साली एका ख्रिस्ती सभेत त्यांचे मन पालटले आणि ते जपानला जाऊन आपला छळ करणाऱ्यांना क्षमा करून आले, हा भाग शेवटच्या काही पाट्यांत आटोपला. त्यासाठी २०१८ साली वेगळा चित्रपट निघाला. क्षमा वगळून झाम्पेरिनींची कथा सांगणे म्हणजे पुनरुत्थान वगळून शुभवर्तमान सांगणे.

'सोल सर्फर' (२०११) या चित्रपटाचेही असेच. शार्कच्या हल्ल्यात २००३ साली डावा हात गमावलेल्या बेथनी हॅमिल्टन या तेरा वर्षांच्या मुलीची ही सत्यकथा. निर्मितीच्या काळात एका दृश्यातील बायबलच्या मुखपृष्ठावरील अक्षरे संगणकावर पुसली गेली होती आणि कुटुंबाने आग्रह धरल्यावर ती परत आली, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. बेथनीचा हात परत येत नाही. ती मात्र पाण्यात परत जाते. या बाबतीत हा चित्रपट आम्हाला अधिक प्रामाणिक वाटला.

मग निवड कशी करायची?

घरी किंवा मंडळात असा चित्रपट पाहताना आम्ही चार प्रश्न सुचवितो.

१. या कथेत देवाकडे वळल्यावर माणूस बदलतो की फक्त त्याचे नशीब?
२. हरलेल्या संघात ख्रिस्ती मुले नव्हती का? त्यांची प्रार्थना कोणी ऐकली? समोरच्या संघाकडे चित्रपट कोणत्या नजरेने पाहतो?
३. ज्याची मागणी पुरी झाली नाही असा एकही श्रद्धावंत या कथेत आहे का?
४. 'सत्यकथा' असे म्हटले असेल, तर काय बदलले आणि कशासाठी?

या प्रश्नांनी चित्रपटाची मजा कमी होत नाही. मुले ते फार आवडीने सोडवितात, हा आमचा अनुभव आहे.

आणि पालकांसाठी एक प्रश्न. रविवारी सकाळी टेनिस बॉलचे सामने असतात, मुलांचे कोचिंग असते. खेळ रविवारी नकोच, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. रविवारची विश्रांती आनंदासाठीही आहे. मिस्सा मात्र आपले कर्तव्य आहे. लिडेल यांना सुवर्णपदकाची शर्यत सोडता आली. आपल्याला शनिवारच्या सायंकाळच्या किंवा रविवारच्या पहिल्या मिस्साला मुलांना घेऊन येणे जमणार नाही का?

त्या मुलाला उत्तर

कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात, प्रार्थना ऐकली गेली नाही अशी तक्रार आपण का करतो, याविषयी एक छोटा भाग आहे (परिच्छेद २७३५ पासून). त्यात एक नेमका मुद्दा आहे. देवाची स्तुती करताना ती त्याला पोहोचली का, याची आपण चिंता करीत नाही. मागणी करताना मात्र लगेच निकाल हवा असतो. मग आपल्या मनातील देव कोण? आपला पिता, की आपले काम करून देणारे साधन?

आम्ही त्या मुलाला पुन्हा भेटलो. मैदानाच्या कडेला बसून बोललो. त्याला म्हटले, "बाळा, त्या दिवशी आम्ही घाईत उत्तर दिले. तुझी श्रद्धा कमी पडली नाही. समोरच्या संघाने त्या दिवशी चांगला खेळ केला. तुमची प्रार्थनाही वाया गेली नाही. हरल्यावर तुम्ही कोणाशी भांडला नाहीत, झेल सोडणाऱ्याला तुम्ही शिव्या दिल्या नाहीत, उलट त्याला सोबत घेऊन घरी गेलात. ते बळ कुठून आले असेल, याचा विचार कर."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग पुढच्या वेळी प्रार्थनेत काय मागायचं?"

आम्ही म्हटले, "जिंकायचेही माग. पिता आहे तो. त्याच्याकडे मागायला लाजायचे नाही. फक्त शेवटी प्रभूने बागेत जे म्हटले ते जोडायला विसरू नकोस."

बंधुभगिनींनो, आपण प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या मैदानावर उभे आहोत. काही सामने आपण जिंकू, काही हरू. मालकाच्या खुर्चीत बसून धावफलक पाहणारा देव आपला नाही. तो आपल्यासोबत मैदानात उतरला, पडला, जखमी झाला आणि उठला. तोच प्रभू आपल्या तरुणांना जिंकताना नम्रता आणि हरताना धीर देवो, हीच आमची प्रार्थना.

घरी चर्चेसाठी: या आठवड्यात एका संध्याकाळी जपमाळेनंतर दानीएल ३:१३-१८ हा उतारा कुटुंबात वाचावा. "मागितले ते मिळाले नाही आणि तरीही देव सोबत होता" असा एक अनुभव घरातील प्रत्येक मोठ्याने मुलांना सांगावा.